गुरुवारचे पाहुणे येईपर्यंत

प्लेगातून उठलेल्या माणसाला पेज किती पातळ द्यावी, गाठ फुटल्यावर पट्टी कशी बदलावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्याला गाठ आलीच नाही, पण जो मागे उरला, त्याचं काय करावं हे मला कुणी सांगितलं नाही. ते मी चुकत चुकत शिकले, म्हणून लिहिते आहे. यात उपदेश थोडा आहे, चुका जास्त आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच माझ्या आहेत.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवते. नवरा लवकर गेला, पुढे शिकले, नोकरीला लागले. धाकटा भाऊ विष्णू दुधनीला एका अडत्याकडे कारकून आहे. त्याची बायको वारली तेव्हा त्याची दोन्ही मुलं शिक्षणासाठी माझ्याकडे आली. कुसुम मोठी, सदू तिच्याहून दोन वर्षांनी लहान. ही हकीगत घडली तेव्हा कुसुम एकोणीस वर्षांची होती आणि सदू मॅट्रिकच्या वर्गात. मी प्रेमळ म्हणून कुठे प्रसिद्ध नाही. घर वेळेवर चालायचं, ताटात गरम पडायचं, अभ्यास व्हायचा. मुलांची तक्रार नव्हती.

संक्रांत झाली आणि गिरणीच्या चाळींकडे उंदीर पडू लागल्याच्या बातम्या आल्या. आमच्याकडची रीत लहान मुलालाही ठाऊक असते. घरात मेलेला उंदीर दिसला की हातानं शिवायचा नाही, वर घासलेट ओतून जाळायचा, आणि लगेच गल्लीत सांगायचं. मग सगळी गल्ली भांडीकुंडी, अंथरुणं बांधून गावाबाहेर माळावर जाते आणि उन्हाळा तापेपर्यंत झोपड्यांत राहते. सांगणाऱ्याला चार शिव्या बसतात, कारण ज्याच्या घरी उंदीर पडत नाही त्यालाही उठावं लागतं. तरी सांगायचं. शाळेतल्या मुलींकडून मी हे पाठ करून घेतलं होतं.

प्लेगची लस टोचणारे शाळेत आले तेव्हा मी रडणाऱ्या पोरींचे दंड स्वतः धरले. माझ्या घरचं मात्र पुढच्या सोमवारवर ढकललं. त्याचं कारण गुरुवारी कुसुमला पाहायला अक्कलकोटहून मंडळी यायची होती. याआधी दोन स्थळांनी नकार दिला होता. टोचलं की दंड सुजतो, अंगात कसर येते, तोंड उतरतं. पाहुण्यांसमोर तशी मुलगी कशी बसवायची? सदू म्हणाला, "मग मी एकटा जाऊन टोचून येतो." मी म्हणाले, "एकट्यानं कशाला? तिघंही एकदमच जाऊ."

*

गुरुवारी मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. मामांनी कुसुमला विचारलं, "वाचता येतं ना?" मी म्हणाले, "लहान मुलींच्या शिकवण्या घेते ती." मामा म्हणाले, "मग आमच्या घरात तिचाच हुकूम चालणार म्हणायचा." सगळे हसले. मुलगा बरा वाटला. मान खाली घालून बसला होता, पण एकदा वर पाहिलं ते कुसुमकडेच.

सदू आतल्या दारातून सगळं बघत होता. पाहुणे उठल्यावर तिला म्हणाला, "कुसे, मामांनी पोहे तीनदा घेतले. तू पास."

"तू आधी गणितात पास हो," ती म्हणाली.

दोघंही हसत होती. मला वाटलं होतं ती दमली असेल. पुष्कळ दिवसांनी इतकी हसत होती ती, एवढंच मी पाहिलं. हसता हसता ती सारखी स्वयंपाकघराकडे बघत होती, तेही पाहिलं. पाहुण्यांमुळे असेल म्हटलं.

शनिवारी दुपारी सदू शाळेतून अर्ध्यातून आला. डोकं दुखतं म्हणाला आणि दप्तर न ठेवता तसाच निजला. डोळे लाल, जीभ पांढरी. संध्याकाळी त्यानं मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "आत्या, जांघेत दुखतंय." सतरा वर्षांच्या मुलाला लाज वाटत होती. मी हात लावून पाहिलं. सुपारीएवढी गाठ होती.

मी कुसुमला म्हणाले, "टांगा बघ." ती जागची हलली नाही. भिंतीला टेकून उभी होती आणि तोंडाचा रंग चुन्यासारखा झाला होता. मी ओरडले, "अगं, ऐकू येत नाही का?" मग ती धावली.

*

प्लेगचं इस्पितळ गावाबाहेर, पत्र्याच्या लांब शेडींचं. एक पुरुषांची, एक बायकांची, मधे अंगण. सदूला त्याच रात्री तिथे पोहोचवलं आणि सोमवारी मीच बायकांच्या शेडीत आले. माझी गाठ काखेत होती.

पहिल्या तीन दिवसांतलं मला फार आठवत नाही. आठवतं ते असं. सकाळी जमिनीवर फिनेलचं पाणी. मग थर्मामीटरची नळी तोंडात. मग चमच्यानं ब्रँडी, जी मी जन्मात पहिल्यांदा घेतली आणि कुणाला विचारलं नाही की चालते का. मग गाठीवर जवसाचं पोटीस, इतकं गरम की दातखीळ बसावी. शेजारच्या खाटेवरची बाई तेलुगूत कुणालातरी सारखी हाक मारायची. एका सकाळी ती हाक थांबली आणि खाटेवरचं अंथरूण उचलून नेलं. दुपारपर्यंत तिथे दुसरी बाई होती. मला भीती वाटली का? वाटली. पण तापात भीतीसुद्धा धड टिकत नाही, मधेच झोप लागते.

चौथ्या दिवशी शुद्ध नीट आली. कुसुम खिडकीबाहेर उभी होती. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून घरची माणसं खिडकीशी येऊन बोलत. मी पहिलं विचारलं, "सदू?"

"बरा आहे," ती म्हणाली. "ताप उतरतोय."

रोज ती यायची, रोज मी विचारायचे. एक दिवस म्हणाली, "आज त्यानं पेज प्यायली." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्याला सांग म्हणाला, मला गणिताचं पुस्तक आणू नका, डोळे दुखतात." मी हसले. म्हटलं, हा सदूच. मला त्या दिवशी भूक लागली. नर्सबाई म्हणाली, "भाची आली की तुमचं टेंपरेचर सुधारतं हो."

सदू मंगळवारीच गेला होता. मी शुद्धीवर नव्हते तेव्हा. विष्णूला तार मिळून तो यायच्या आत म्युनिसिपालिटीच्या माणसांनी सदूचं सगळं उरकलं होतं. आणि डॉक्टरांनी, विष्णूनं, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी मिळून कुसुमला सांगितलं होतं की आत्याला कळता कामा नये, हृदय अशक्त आहे, ऐकलं तर हातची जाईल. आपल्याकडे हेच शहाणपण मानतात. आठ दिवस एकोणीस वर्षांच्या मुलीनं मेलेल्या भावाचा निरोप रोज नवा रचून खिडकीतून मला दिला. पेज, पुस्तक, डोळे. त्या निरोपांवर मी बरी झाले, हे मला मान्य केलंच पाहिजे. पण किंमत कुणी मोजली याचा विचार त्या शहाण्यांपैकी एकानंही केला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही केला नसता.

*

मी बरी होऊन सुटले तोवर गल्ली माळावर गेली होती; टांगा आमच्या झोपडीशी थांबला. दारात विष्णू बसला होता. तो दुधनीहून आला आहे हे कुसुमनं मला एकदाही सांगितलं नव्हतं. त्याला पाहिलं आणि मला विचारावं लागलं नाही.

विष्णू तेरावा करून परत गेला. नोकरी होती. मी आणि कुसुम झोपडीत राहिलो. माझ्यात उठून तांब्या उचलायची ताकद नव्हती, त्यामुळे घर तीच चालवायची, आणि इतकं चोख चालवायची की मला शंका यायला पंधरा दिवस लागले. शेणानं सारवलेली जमीन ती दिवसातून तीनदा झाडायची. पिठाचे डबे, लाकडं, अंथरुणं हलवून कोपरे बघायची. मी डोळे मिटले की माझ्या नाकाशी हात धरायची. जेवायला बसली की भाताची एक मूठ ताटात पसरून ठेवायची, म्हणजे जास्त दिसावा. झोपत नव्हती.

मी समजले, दुःख आहे. दुःखावर माझं औषध काम. मी तिला आणखी कामं सांगितली. "बसून राहिलीस तर मन खाईल," असं म्हणाले. एकदा रागावलेही, "भाऊ तुझा गेला तसा भाचा माझाही गेला. मी जेवते की नाही?" ती "हो आत्या" म्हणाली आणि दोन घास जास्त खाल्ले, मग झोपडीमागे जाऊन ओकली.

नातेवाइकांची मतं येत होती. एक मावशी म्हणाली बाधा आहे, उतारा टाका. दुसऱ्या म्हणाल्या, लग्न करून द्या, सगळं विसरेल. नेमकं त्याच आठवड्यात अक्कलकोटचं कार्ड घरच्या पत्त्यावरून फिरत फिरत माळावर आलं. मुलगी पसंत आहे, सुतक फिटल्यावर पुढचं बोलू. मी ते कुसुमला वाचून दाखवलं. वाटलं, तेवढंच बरं वाटेल. ती हसली. असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही.

*

झोपड्यांच्या पलीकडे एका धनगराची मेंढरं बसायची. त्याची बायको मैनाबाई मला रोज शेळीचं दूध आणून द्यायची. पैसे घ्यायची नाही. म्हणायची, "आजारी माणसाला दूध इकायचं व्हय? तेवढं नगा सांगू." एका सकाळी ती दूध घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, तुमची पोरगी शेराकडं गेली की. मी हाक मारली, वळून सुदिक बघितलं न्हाय."

"बाजारात गेली असेल."

"पिशवी न्हवती हातात. पायात बी काय न्हवतं." मग ती जरा थांबून म्हणाली, "मेंढरू कळप सोडून एकटं निघालं की आमी मागं जातो, बाई. तुमी हितं बसून काय ऱ्हायलाय?"

मी ट्रंक उघडून पाहिली. घराची किल्ली नव्हती.

आमच्या गल्लीत तेव्हा माणूस नव्हतं. घराघरांवर औषध मारून, दारांवर चुन्याच्या फुल्या काढून कुलपं घातलेली होती. आत जायला सक्त मनाई. मी मैनाबाईचा हात धरून सडकेपर्यंत आले, तिथे टांगा मिळाला. टांगेवाला गल्लीचं नाव ऐकूनच म्हणाला, "बाई, अंदर नक्को. नाकेतक छोडतूं." नाक्यापासून घर शंभर पावलं. मी तीनदा बसले.

दार नुसतं लोटलेलं होतं. कुसुम स्वयंपाकघरात, धान्याच्या कणगीला लागून, उघड्या जमिनीवर कुशीवर निजली होती. गाल फरशीला टेकलेला. डोळे उघडे.

"इथे का निजलीस?"

"इथेच होता," ती म्हणाली.

"कोण?"

"उंदीर. सोमवारी. पोह्यांचा डबा काढताना दिसला. मी चिमट्यानं उचलून परसात राखेच्या खड्ड्यात पुरला." ती अगदी सावकाश, धडा म्हणून दाखवावा तशी बोलत होती. "तुला सांगितलं असतं तर तू तासाभरात घर खाली केलं असतंस. मग गुरुवारी मंडळी कुठे आली असती? म्हटलं, गुरुवार होऊ दे, मग सांगते. गुरुवारी म्हटलं, उद्या सांगते. आता मला गाठ येईल तर बरं. पण येतच नाही, आत्या. सकाळपासून निजले आहे."

मी खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिते. माझा हात उठला. मी मारलं नाही, पण त्यात माझा मोठेपणा नाही, हातात जोर नव्हता. तो हात मी कणगीवर टेकवला आणि म्हणाले, "आधी बाहेर चल. बाकीचं बाहेर."

"तू जा. तुझी तब्येत..."

"तू उठल्याशिवाय मी जात नाही. आणि मला इथे चक्कर येते आहे."

तेवढ्यावर ती उठली. मला सांभाळायची तिला सवय झाली होती. तिनंच मला धरून समोरच्या ओट्यावर आणलं.

ओट्यावर आम्ही बसलो. तोंडाशी आलेलं वाक्य एकच होतं, तुझा काही दोष नाही. सगळे तेच म्हणाले असते. पण ते खोटं होतं, तिला ते कळलं असतं, आणि खोटं ऐकून आणि बोलून तिचा जीव अगोदरच विटला होता.

"सांगायला हवं होतंस," मी म्हणाले.

"हो."

"सांगितलं असतंस तर सदू वाचला असता का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. गल्लीत आणखी उंदीर असतील, त्याच्या शाळेत असतील. पण सांगायला हवं होतंस."

 सदू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, तोंड न झाकता. रिकाम्या गल्लीत तो आवाज पार टोकापर्यंत गेला.

जरा थांबल्यावर मी म्हणाले, "आणि टोचायचं मी पुढे ढकललं. तेही त्या गुरुवारसाठीच. सदू एकटा जातो म्हणत होता, मी जाऊ दिलं नाही."

"ते तू म्हणू नकोस."

"का? तू म्हणायचं आणि मी गप्प बसायचं? मेलीस तर मला हे एकटीला घेऊन बसावं लागेल. मला ते जमणार नाही, कुसुम. सरळ सांगते."

नाक्यावर टांगेवाला अजून उभा होता. तो आपल्या पितळी लोट्यातलं पाणी पुढे करून म्हणाला, "पैले बच्चीकू पानी पिलाव." ती प्यायली.

*

त्यानंतर सगळं ठीक झालं असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. झालं नाही. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते थकलेले होते, पण त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "याचं औषध माझ्या कपाटात नाही. हिला एकटी सोडू नका. काम द्या, पण शिक्षा म्हणून देऊ नका. आणि झोपेल तितकी झोपू द्या." कामाचं वाक्य माझ्यासाठी होतं, ते मी घेतलं. झाडू मी काढून घेतला. मैनाबाई तिला सकाळी मेंढरांमागे घेऊन जाऊ लागली. तिथे बोलावं लागत नसे. एकदा परत येऊन कुसुम म्हणाली, "मैनाबाई म्हणते, तू लई हळू चालतीस, तुझ्यापरीस म्हातारी मेंढी बरी." त्या दिवशी ती थोडी जेवली. असे दिवस मोजण्याइतकेच होते. मधे कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असे, आणि मी नुसती शेजारी बसून निवडणं-टिपणं करत असे.

तिला एकच गोष्ट हवी होती, नानांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगायचं. मी महिनाभर अडवलं. म्हटलं, त्याच्या जिवाला आणखी डाग कशाला? मग लक्षात आलं की खिडकीतल्या निरोपांसारखंच हे. मी अडवणं सोडलं.

पाडव्याला विष्णू आला. जेवणं झाल्यावर ती त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. माझं मी सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "कुठला वार?"

"सोमवार."

तो बोटांवर मोजू लागला. सोमवार, मंगळ, बुध. शनिवारशी बोट थांबलं. मग त्यानं टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि स्टेशनकडे चालत निघाला. गाडीला अजून तीन तास होते.

मी रात्रभर तिच्यापाशी बसून राहिले. ती कुठे गेली नाही. सकाळी म्हणाली, "नाना रागावले. बरं झालं. मला वाटत होतं, ते मला जवळ घेतील. ते मला सोसलं नसतं."

*

अक्कलकोटला तिनं स्वतः नकार कळवला. चार वर्षं झाली. ती आता माझ्याच शाळेत पहिलीला शिकवते. हिवाळ्यात तिचे वाईट दिवस येतात. तेव्हा ती मला तसं सांगते, "आत्या, आज वाईट आहे." मी विचारत नाही का. आम्ही दोघी एका ताटाशी जेवतो आणि मी तिच्या आधी उठत नाही. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना मला एवढंच सांगता येतं. त्यांना खरं बोलू द्या, आणि ऐकवेनासं झालं तरी उठून जाऊ नका.

विष्णूचं पत्र महिन्याला येतं. माझ्या नावानं. दुधनीचं पाऊसपाणी, बाजार, त्याचा दमा. शेवटी "बाकी सर्व ठीक." तिचं नाव नसतं. एकदाही नाही. कुसुम पत्र वाचते, घडी घालून ठेवते. मी उत्तर लिहून झालं की पत्र तिच्याकडे सरकवते, आणि खाली उरलेल्या जागेत ती आपल्या अक्षरात एक ओळ लिहिते, "ती. नानांस साष्टांग नमस्कार. मी जेवते, झोपते. शाळेत जाते. आपली कुसुम."

त्या ओळीला आजवर उत्तर आलेलं नाही. कालच्या पत्रातही नव्हतं. तिनं आज लिहिली आहे. शाई वाळायची मी वाट बघते आहे, मग टपालात टाकीन.